एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप मधूनच २० मिनिटांवरून पावणेदोन तासांवर जात असेल तर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. सकाळी साडेसातला अकाउंट्सच्या अण्णांचा फोन आला की मी घड्याळ न बघताच ओळखतो. "ओ, बिल निघंना झालंय बघा. आणि ते ब्याकप अजून होऊलालाय."

हा फोन वर्षभर येत होता. माझ्या वहीत या तक्रारीपुढे चार वेळा 'सुटलं' असं लिहिलेलं आहे. चारही वेळा सुटलं नव्हतं. का सुटलं नव्हतं आणि शेवटी कशानं सापडलं, ते लिहितोय. अशी तक्रार घेऊन आणखी कोणी डोकं धरून बसला असेल तर त्याची एखादी सकाळ वाचेल.

आधी मांडणी सांगतो. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर) २०१६ स्टँडर्ड, त्यावर ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, एकच डेटाबेस, भरलेला भाग साधारण ६८ जीबी. सुताच्या आवकीपासून डाइंग, लूम, शिलाई, डिस्पॅचपर्यंत सगळं त्यातच. रोज सकाळी ६ ला फुल बॅकअप सुरू होतो आणि फाइल जाते गोदामाशेजारच्या खोलीतल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी). चांगल्या दिवशी ६.२० ला काम संपतं. वाईट दिवशी पावणेआठ वाजतात. पहिल्या शिफ्टच्या एंट्र्या ७ ला सुरू होतात, म्हणजे पाऊण तास सगळेच एकमेकांना शिव्या घालतात. वाईट दिवस एकटा येत नाही, सलग दोन-तीन येतात. मग आपोआप बरं होतं आणि दोन-तीन आठवडे कोणाला आठवणही राहत नाही.

पहिल्या वेळी मी अँटिव्हायरस धरला. डेटाबेसच्या एमडीएफ, एलडीएफ आणि बॅकअपच्या बॅक फाइली स्कॅनमधून वगळल्या, सर्व्हर रीस्टार्ट केला, बरं झालं. दुसऱ्या वेळी रॅम १६ ची ३२ केली. त्यासाठी सर्व्हर बंद करावाच लागतो. बरं झालं. तिसऱ्या वेळी इंडेक्स रीबिल्डची (डेटा पटकन शोधायच्या सूच्या नव्यानं बांधायची) वेळ बदलली आणि हात लागलाच आहे तर विंडोजचे अपडेटही उरकून घेतले. बरं झालं. चौथ्या वेळी ईआरपीवाल्यांचा माणूस पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री उतरला, सकाळी त्यानं बॅकअपचा जॉब नव्यानं बनवला, सर्व्हर एकदा बंद-चालू केला, आणि संध्याकाळी शेंगाचटणीचं पाकीट घेऊन गेला. बरं झालं.

चारही उपायांत एक गोष्ट सारखी आहे. वाचताना ती लगेच दिसते, मला वर्ष लागलं.

'हळू' म्हणजे किती, ते आधी काढा

एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक बॅकअपची नोंद स्वतःच ठेवतो. एमएसडीबी नावाच्या सिस्टिम डेटाबेसमध्ये बॅकअपसेट नावाचं टेबल असतं. त्यात बॅकअप कधी सुरू झाला, कधी संपला, मूळ आकार किती आणि कॉम्प्रेस होऊन किती झाला, हे सगळं असतं. आकार बाइटमध्ये असतो. त्याला १०,४८,५७६ ने भागा, मग लागलेल्या सेकंदांनी भागा, म्हणजे सेकंदाला किती एमबी ते निघतं. किती मिनिटं लागली याच्यापेक्षा हा आकडा कामाचा, कारण डेटाबेस वाढला की मिनिटं वाढतातच, वेग तसा घसरायचं कारण नाही.

मी तीन महिन्यांचे आकडे एका कागदावर उतरवले. चांगल्या दिवसांचे: ५८, ५६, ५९, ५७. वाईट दिवसांचे: ११.०, ११.१, ११.०, ११.१.

तो कागद मी बराच वेळ बघत बसलो. डिस्कवर ताण असेल, अँटिव्हायरस मध्ये येत असेल, दुसरा जॉब चालू असेल, तर वेग आज १९, उद्या ३२, परवा १४ असा हेलकावे खातो. दर वेळी त्याच आकड्यावर येऊन थांबतो तेव्हा वर छप्पर असतं. आणि ११ हे कशाचं छप्पर, हे नेटवर्कचं काम केलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. १०० मेगाबिटच्या लाइनला आठने भागलं की साडेबारा येतात, वरचा खर्च वजा जाता हातात ११ च्या आसपास पडतात. १ गिगाबिटला असंच ११० च्या आसपास. बाहेरची यूएसबी डिस्क असेल आणि वेग ३०-४० वर अडकला असेल, तर ती २.० च्या पोर्टला लावली आहे का ते बघा. निळा पोर्ट सोडून काळ्यात घातलेली डिस्क मी दोन ठिकाणी पाहिली आहे.

पुढच्या वाईट दिवशी अण्णांचा फोन येताच गाडी काढली. बॅकअप चालू होता. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क निवांत, सीपीयू निवांत, आणि इथरनेटचा आलेख वरच्या रेघेला चिकटून कडक भाकरीसारखा सपाट. पॉवरशेलमध्ये गेट-नेटअडॅप्टर चालवलं तर लिंक स्पीडपुढे १०० एमबीपीएस. कार्ड गिगाबिटचं, स्विच (नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथं जुळतात ती पेटी) गिगाबिटचा, मध्ये लिंक १०० ची.

बिल का निघत नाही, तेही तिथंच कळलं. फुल बॅकअप टेबलं लॉक करत नाही, एंट्र्या चालूच राहू शकतात. पण ऑफिसमधले सगळे पीसी त्याच एका वायरीतून सर्व्हरपर्यंत येतात, आणि ती वायर बॅकअपनं काठोकाठ भरलेली. 'बॅकअपमुळे डिस्क अडते' हे वाक्य मी वर्षभर मालकांना ऐकवत होतो. डिस्क बिचारी रिकामी बसली होती.

वायर

रॅक ऑफिसच्या कोपऱ्यात आहे आणि भिंतीपलीकडे वार्पिंग. कारखान्यात कापसाची लव सगळीकडे उडते, भुवयांवरसुद्धा बसते. सर्व्हरकडून स्विचला आलेल्या वायरीच्या प्लगची प्लास्टिकची जिभली तुटलेली होती, त्यामुळं प्लग पोर्टमध्ये 'टक' करून बसत नव्हता, वायरीच्या वजनानं किंचित खाली लोंबत होता. बाहेर काढला तर आठ सोनेरी पात्यांपैकी एका टोकाच्या दोन-तीन पात्यांवर पांढरी लव चिकटलेली, तेलकट, नखानं खरवडली तर नमद्यासारखी निघाली.

हे समजायला एवढं पुरे: वायरीत आठ तारा, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ या पात्यांवरच्या. गिगाबिटला चारही लागतात. ७-८ ची जोडी नीट टेकली नाही तर अनेक कार्डं गिगाबिटचा नाद सोडून १०० वर उतरतात आणि गुपचूप काम चालू ठेवतात. लिंक तुटत नाही, लाल दिवा लागत नाही. आमच्या स्विचवर दिव्याचा रंग तेवढा हिरव्याचा नारिंगी होतो. तो बघायला रॅकचं दार उघडावं लागतं, आणि दारासमोर बिलांच्या फायलींचं कपाट.

मग कधी गिगाबिट आणि कधी १००, असं का? वेग ठरतो तो लिंक नव्यानं जुळते त्या क्षणी. पाती त्या क्षणी टेकलेली असली तर १०००, नसली तर १००, आणि जे ठरलं ते पुढची लिंक पडेपर्यंत तसंच राहतं. सर्व्हर मोठ्या यूपीएसवर आहे, तो कधी बंद पडत नाही. स्विचचा छोटा यूपीएस कधीतरी मेला होता आणि कोणीतरी स्विचची पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली होती. वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत स्विच एकटाच बंद, मग चालू, आणि लिंकचा जुगार नव्यानं.

खात्री करायला मी वॉचमन मामांच्या केबिनमधलं जनरेटरचं रजिस्टर मागितलं. "ते काय करायचंय तुम्हाला?" असं विचारत त्यांनी दिलं. वाईट दिवसांची प्रत्येक माळ जनरेटरच्या एखाद्या नोंदीनंतरच सुरू झाली होती. दर नोंदीनंतर माळ नव्हती, पण नोंदीशिवाय एकही नाही.

आता ते चार उपाय परत बघा. अँटिव्हायरस, रॅम, अपडेट, नवा जॉब. चारही वेळा सर्व्हर बंद होऊन चालू झाला, लिंक नव्यानं जुळली, १००० वर आली, आणि श्रेय भलत्यालाच गेलं. बॅकअपच्या तक्रारीत रीस्टार्टनं बरं वाटलं तर ती बातमी आनंदाची समजू नका. रीस्टार्टच्या आधी लिंक स्पीड, चालू जॉब आणि बॅकअपचा वेग एवढं तरी लिहून ठेवा. नाहीतर पुरावा तुम्हीच पुसता.

तयार मिळणारी नवी कॅट ६ पॅच कॉर्ड (नेटवर्कची छोटी वायर) घातली, स्विचवरचा पोर्ट बदलला, जुना पोर्ट ब्लोअरनं साफ केला, स्विचला सर्व्हरच्या यूपीएसवर घेतलं. खर्च चहा-पाण्यात धरण्याएवढा. एक मोह मात्र टाळा, कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग हातानं ठोकून ठेवायचा. गिगाबिटला दोन्ही टोकांनी आपसात बोलणी करणं लागतंच. एका बाजूला '१०० फुल' ठोकून दुसरी ऑटोवर सोडली तर दुसरी बाजू हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेनं) जाऊन बसते, आणि मग ११ सुद्धा मिळत नाहीत.

मे महिन्यात पुन्हा

दोन महिने शांततेत गेले. मग ऐन उन्हाळ्यात, पारा बेचाळिसच्या वर असताना, तोच फोन. लिंक बघितली, १०००. आकडे काढले: ३१, २२, १६, २७. हेलकावे. म्हणजे छप्पर नाही, कोणीतरी दमतंय.

अशा वेळी बॅकअपचे तीन तुकडे करून बघायचे: डेटा वाचणं, वाटेनं नेणं, पलीकडे लिहिणं. वाचण्याचा तुकडा वेगळा काढायला एसक्यूएल सर्व्हरमध्ये छान सोय आहे. बॅकअपचं ठिकाण म्हणून डिस्क बरोबर 'नल' द्या. इंग्रजी अक्षरं एन, यू आणि एकच एल. सर्व्हर सगळा डेटाबेस वाचतो आणि शून्यात फेकतो. लागलेला वेळ म्हणजे निव्वळ वाचण्याचा वेळ.

पण यात एक खड्डा आहे. सर्व्हरच्या लेखी हा खराच बॅकअप असतो. तुम्ही डिफरन्शियल (मागच्या फुल बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच घेणारा बॅकअप) घेत असाल आणि असा फुल बॅकअप शून्यात फेकलात, तर पुढचे डिफरन्शियल त्या अस्तित्वात नसलेल्या फाइलीवर आधारलेले राहतात. रिस्टोअर करायची वेळ आली की घाम फुटेल. म्हणून चाचणीत 'कॉपी ओन्ली' हा पर्याय न चुकता घाला. लॉग बॅकअपवर (बदलांच्या नोंदींचा बॅकअप) हा प्रयोग करूच नका, एकामागोमाग एक लागणाऱ्या त्या बॅकअपची साखळी तुटते. आणि ही चाचणी डिस्क पूर्ण वेगानं पिळते, तेव्हा काम बंद असताना करा.

आमची नल चाचणी ६ मिनिटांत संपली, सेकंदाला १९० च्या वर. वाचण्यात काही अडचण नाही. ती तासभर चालली असती तर मी एसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये '१५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागलेल्या आयओ'ची (डिस्कवरच्या वाचण्या-लिहिण्याची) नोंद शोधली असती, आणि रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी बघितली असती. ती बॅटरी गेली की बरेच कंट्रोलर राइट-बॅक (आधी मेमरीत, मग डिस्कवर) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर) जातात आणि लिहिणं बसतं. सोलापूरच्या उन्हात बॅटऱ्या फार टिकत नाहीत.

राहिली वाट आणि नॅस. कालची बॅकअप फाइल नॅसवरून सर्व्हरच्या मोकळ्या डिस्कवर आणली आणि दुसऱ्या नावानं परत टाकली. टाकताना सुरुवातीला ९०, मग ३०, मग १२, मध्येच काही सेकंद शून्य, पुन्हा ४०. सुरुवातीचे ९० म्हणजे नॅसची स्वतःची मेमरी भरत होती. ती भरली आणि खरं रूप दिसलं.

नॅसच्या खोलीत गेलो. तिथं नॅसवर टॉवेल पांघरलेला. टर्किश, आकाशी, एक्स्पोर्टच्या लॉटमधला. लव आत जाऊ नये म्हणून कोणीतरी काळजीनं चारही बाजूंनी खोचला होता. आतला पंखा आणि टॉवेल यांची कुस्ती चालली होती. डिस्कचं तापमान ५८. चार डिस्कचं रेड ५, वरचा दिवा हिरवा, स्टेटस 'नॉर्मल'. पण स्मार्टच्या, म्हणजे डिस्कच्या तब्येतीच्या, पानावर तिसऱ्या डिस्कचे 'पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे तुकडे) शंभराच्या पुढे गेलेले.

रेडमध्ये एक डिस्क पूर्ण मेली तर नॅस ओरडतो. अर्धमेली असेल तर तो तिची वाट बघत बसतो आणि बाकीच्या तीन तिच्या पायात पाय घालून चालतात. नॅससाठी बनलेल्या डिस्क खराब सेक्टरवर सहसा काही सेकंद प्रयत्न करून हात टेकतात. साध्या डेस्कटॉपच्या डिस्कला तो शिष्टाचार शिकवलेला नसतो, ती एकाच सेक्टरशी बराच वेळ झटापट करते. आणि ही तिसरी डिस्क डेस्कटॉपची होती. तातडी होती म्हणून दोन वर्षांपूर्वी बाजारातून मीच आणून बसवलेली. टॉवेलमुळंच ती गेली असं शपथेवर सांगणार नाही, पण टॉवेल काढल्यावर बाकीच्यांचं तापमान ४४ वर आलं, एवढं खरं. डिस्क बदलली, रीबिल्ड होईपर्यंत दोन दिवस वेग पडलेलाच होता, मग ५८.

रीबिल्ड चालू असताना ते दोन दिवस मी बॅकअपची एक प्रत सर्व्हरच्याच दुसऱ्या डिस्कवर घेत होतो. नॅस दुखण्यात असताना एकुलती एक प्रत तिथंच ठेवणं बरं नव्हे.

कॉम्प्रेशनबद्दल

तुम्ही म्हणाल, कॉम्प्रेशन का नाही लावलं? आता लावलंय. एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ पासून ते स्टँडर्ड एडिशनमध्ये मिळतं, एक्स्प्रेसमध्ये मिळत नाही. आमची ६८ जीबीची फाइल २१ वर आली आणि वेळ १० मिनिटांवर. सीपीयू तेवढा वेळ चढतो, पण सहा वाजता त्याला दुसरं काम नाही. तुमच्या डेटाबेसमध्ये फोटो आणि पीडीएफच भरले असतील तर मात्र फार आशा धरू नका, ते आधीच दाबलेले असतात.

पण वर्षभरापूर्वीच कॉम्प्रेशन लावलं असतं तर वाईट दिवशी २१ जीबी, ११ च्या वेगानं, साधारण ३३ मिनिटं. ६.३३ ला संपलं असतं, अण्णांचा फोन आला नसता, आणि ती लोंबती वायर, तो पोर्ट, ती अर्धमेली डिस्क तशीच राहिली असती. आधी दुखणं शोधा, मग कॉम्प्रेशन लावा. उलट्या क्रमानं कराल तर ताप उतरतो, पण आजार तसाच राहतो. आणि कॉम्प्रेशन लावल्यावर वेग काढताना कॉम्प्रेस झालेला आकार आणि मूळ आकार यांची गल्लत करू नका. नेटवर्कसाठी पहिला घ्या, डिस्कच्या वाचनासाठी दुसरा.

किरकोळ, पण अडवणारं

जॉबच्या हिस्टरीत ४० मिनिटं आणि बॅकअपसेटमध्ये २०, असा फरक दिसला तर मेंटेनन्स प्लॅनमधली 'व्हेरिफाय'ची खूण बघा. ती लावलेली असेल तर बॅकअप संपल्यावर सर्व्हर ती सगळी फाइल नॅसवरून परत वाचतो. खूण काढून टाकू नका, दुपारच्या जेवणाच्या वेळेला वेगळा जॉब करा. चेकसमचा (डेटा बिघडलेला नाही ना, ते तपासायचा) पर्यायही वेगासाठी बंद करू नका, त्यानं वाचतो तो वेळ नगण्य. आणि व्हेरिफाय पास झालं म्हणजे रिस्टोअर होईलच असं नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशिनवर खरं रिस्टोअर करून अण्णांना मागच्या आठवड्याचं एक बिल उघडायला सांगतो.

बॅकअप चालू असताना इंडेक्स रीबिल्ड करू नका. फुल बॅकअप स्वतः चालू असतानाचा लॉगही सोबत घेतो, शिवाय तोवर लॉगची जागा मोकळी होत नाही. रीबिल्डनंतरचा डिफरन्शियल अचानक फुगला तर घाबरू नका, बहुतेक पानं बदललेली असतात.

बॅकअपची नोंद वर्षानुवर्षं साफ केली नसेल तर एमएसडीबी जड होतो आणि रिस्टोअरची खिडकी उघडायलाच मिनिटं लागतात. त्यासाठी 'एसपी डिलीट बॅकअप हिस्टरी' आहे. मात्र वर सांगितलेले आकडे काढून घेतल्याशिवाय ती चालवू नका. पुण्याच्या त्या माणसानं ती आधी चालवली होती, म्हणून माझ्या हाती तीनच महिने आले.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी त्याच्या पीजी डंप या बॅकअपच्या साधनाला एकाच वेळी अनेक जॉब द्यायचे असतील तर फॉरमॅट डिरेक्टरीचाच लागतो, हे ध्यानात ठेवावं. मायएसक्यूएलवाल्यांनी इनोडीबी टेबलांवर डंप घेताना 'सिंगल ट्रान्झॅक्शन' घालावं, नाहीतर बॅकअप चालू असताना बिलं खरोखरच अडतात. वायर, स्विच आणि टॉवेल सगळ्यांना सारखेच.

आता रोज सकाळी साडेसहाला एक छोटा जॉब बॅकअपसेटमधून वेग काढतो, आणि नेहमीपेक्षा निम्म्यानं पडला तर मला आणि अण्णांना मेल टाकतो. मेलमध्ये लिंक स्पीडही असतो. परवा मेल आला: वेग पडलेला, लिंक १०००. अण्णांना फोन लावला, म्हटलं नॅसच्या खोलीत जाऊन बघा काय चाललंय. दोन मिनिटांनी त्यांचा फोन. "काही नाही ओ. शिपायानं पुन्हा टॉवेल घातलाय. ह्या वेळी गुलाबी."